स्वराज्य आपल्या आवडीचं नसलं तर?

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, थेट अलास्काच्या हद्दीपाशी, नास नावाची नदी समुद्राला मिळते. टेरेस या गावाहून तिच्या खोऱ्यात जाणाऱ्या रस्त्याचा नंबर आहे ११३. रस्त्यांचे नंबर कुठलंतरी खातं ठरवतं आणि ते तसेच का, हे सहसा कुणालाच ठाऊक नसतं. (आपल्या विदर्भातल्या महामार्ग सहाचा कागदोपत्री त्रेपन्न झाला, तरी ट्रकवाले अजून 'नंबर सहा'च म्हणतात.) या ११३ चा मात्र हिशेब आहे. १८८७ साली या खोऱ्यातल्या मूळनिवासी निस्गा लोकांचे प्रमुख समुद्रमार्गे ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या राजधानीत, व्हिक्टोरियाला गेले. ही जमीन आम्ही कुणाला दिलेली नाही, कुणी लढून घेतलेलीही नाही, तेव्हा तिच्याबद्दल आमच्याशी करार करा, एवढंच त्यांचं म्हणणं. तिथल्या मुख्यमंत्र्यानं त्यांना ऐकवलं की गोरे आले तेव्हा तुम्ही रानातल्या जनावरांहून फारसे वेगळे नव्हता. मंडळी हात हलवत परतली. तो करार अमलात आला ११ मे २००० रोजी. मधे गेली ११३ वर्षं, म्हणून रस्ता ११३ नंबरचा.

गोष्ट इथंच संपवली तर सगळ्यांनाच आवडेल. मीही ती अनेकांना सांगितली आहे आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहिलं आहे. पण गोष्ट पुढे चालू राहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये नासच्या मुखाजवळच्या पिअर्स बेटावर नैसर्गिक वायू थंड करून, द्रवरूपात जहाजांनी परदेशी पाठवण्याच्या प्रकल्पाला प्रांत आणि केंद्र, दोन्ही सरकारांनी पर्यावरण मंजुरी दिली. क्षमता वर्षाला सुमारे १ कोटी २० लाख टन. नाव 'क्सी लिसिम्स'. लिसिम्स हे नास नदीचंच निस्गा नाव. प्रकल्पाचा एक मालक आहे खुद्द निस्गा नेशन.

आता डोळ्यांतलं पाणी आटतं. आदिवासींनी जल-जंगल-जमीन राखावी, नदीला आई म्हणावं, आपण त्यांचे फोटो काढावेत. आणि हे लोक गॅस विकणार? माझी पहिली प्रतिक्रिया हीच होती, कबूल करतो. दुसरी प्रतिक्रिया यायला बरेच दिवस लागले, आणि हा लेख तिच्याबद्दल आहे. आदिवासी स्वराज्याचं आपल्याकडचं बरंचसं कौतुक अटी घालून केलेलं असतं. तुम्ही निर्णय घ्या, पण आम्हाला पटेल तोच घ्या. वनखात्याचा गार्ड हेच वाक्य दंडुका घेऊन म्हणतो, आपण ते परिसंवादात म्हणतो, एवढाच काय तो फरक.

निस्गांनी ११३ वर्षांत काय केलं हे नीट पाहिलं, तर 'दीर्घकालीन नियोजन' या शब्दाला चिकटलेली सरकारी धूळ झटकली जाते. आपल्याला नियोजन म्हटलं की आराखडा आठवतो: रंगीत नकाशे, सल्लागाराची फी, प्रस्तावनेत मंत्र्याचा फोटो. या लोकांकडे बराच काळ आराखडा नव्हताच. होता तो एक प्रश्न, आणि तो पुढच्या पिढीच्या हातात न चुकता देण्याची सवय. १८९० मध्ये जमीन समिती स्थापन झाली. १९१३ मध्ये थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे ब्रिटिश राजाच्या सल्लागार मंडळापुढे अर्ज गेला. मग १९२७ मध्ये कॅनडानं कायदाच केला की जमिनीच्या दाव्यासाठी मूळनिवासींकडून पैसे गोळा करणं हा गुन्हा. म्हणजे वकील लावायचा तर वर्गणी काढता येत नाही, आणि वर्गणीशिवाय वकील मिळत नाही. हा कायदा १९५१ पर्यंत टिकला. एवढ्या काळात दुसऱ्या एखाद्या समाजानं नाद सोडला असता.

त्यांनी नाद तर सोडला नाहीच, उलट आपल्या समाजाच्या पोटातलं सगळ्यात अवघड काम हाती घेतलं. निस्गा समाज घराण्यांत विभागलेला आहे. घराण्याला 'विल्प' म्हणतात. वारसा आईकडून येतो आणि प्रत्येक विल्पची आपली शिकारीची, मासेमारीची, बेरी खुडायची हद्द ठरलेली असते. ती हद्द, तिचं नाव आणि तिची कथा सांगण्याचा हक्कही त्या घराण्याचाच. करार मागायचा तर कोण मागणार, प्रत्येक घराणं वेगळं? म्हणून प्रमुखांनी ठरवलं की सगळ्यांच्या हद्दी एकाच भांड्यात ओतायच्या. 'सामायिक वाडगा' अशी त्यांची ती कल्पना: एकाच वाडग्यातून सगळ्यांनी खायचं. आपल्याकडे भावकीत बांधाच्या दोन फुटांवरून तीन पिढ्या कोर्टात जातात. पिढीजात हद्द वाडग्यात टाकणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं समजवायला नको.

१९५५ मध्ये निस्गा ट्रायबल कौन्सिल उभी राहिली. तिचे अध्यक्ष फ्रँक कॉल्डर हे १९४९ मध्ये प्रांताच्या विधिमंडळात निवडून आलेले पहिले मूळनिवासी. त्यांच्या नावानं चाललेला खटला १९७३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात हरला. पण तो कसा हरला ते बघा. मूळनिवासींचा जमिनीवरचा हक्क कायद्यात होता, हे सातांपैकी सहा न्यायमूर्तींनी मानलं. तो अजून शिल्लक आहे की संपला, यावर तीन विरुद्ध तीन झाले. सातव्यानं सांगितलं की सरकारवर दावा लावायला आधी सरकारची परवानगी हवी होती, ती नव्हती, म्हणून दावा फेटाळा. तांत्रिक मुद्द्यावर हरलेल्या या खटल्यानं सरकारची झोप उडवली आणि त्याच वर्षी जमिनीच्या दाव्यांवर वाटाघाटी करण्याचं धोरण जाहीर झालं. वाटाघाटी १९७६ ला सुरू झाल्या. प्रांत सरकार त्यात सामील व्हायला १९९० उजाडलं.

आता माझ्या मते या सगळ्या इतिहासातला कळीचा भाग. करार येण्याची वाट पाहत हे लोक बसले नव्हते. १९७०च्या दशकातच त्यांनी खोऱ्यासाठी स्वतःचं शाळामंडळ मिळवलं. निस्गा भाषा शाळेत आली. १९९२ पासून नदीत फिशव्हील लावून सॅमन मोजायला सुरुवात झाली. फिशव्हील म्हणजे पाण्याच्या जोरावर फिरणारं, पाळण्यासारखं चाक. मासा त्यात अलगद उचलला जातो, मोजला जातो, खूण करून परत सोडला जातो. १९९३ मध्ये स्वतःची उच्च शिक्षण संस्था निघाली. आरोग्याचा कारभारही कराराआधीच हातात आला होता. २००० साली सत्तेचा कागद मिळाला तेव्हा तो वाचणारी, राबवणारी माणसं तयार होती. नदीत मासे किती, हे सरकारइतकंच निस्गांनाही ठाऊक होतं; कधीकधी जास्तच.

असंच एक उदाहरण आपल्याकडे आहे आणि ते ओढूनताणून आणलेलं नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा ऐंशीच्या दशकातली. वनहक्क कायदा आला २००६ मध्ये. मधल्या वीस वर्षांत गावानं सर्वसहमतीनं निर्णय घ्यायची सवय लावून घेतली, अभ्यासगट चालवले, जंगलावर स्वतःची राखण बसवली. म्हणून २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला तेव्हा 'आता काय करायचं' हा प्रश्न गावापुढे नव्हता. प्रश्न वनखात्यापुढे होता. आपल्या हातातला बांबू गावाच्या हातात जातो कसा, हे त्याला उमगेना. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केलं. पासबुकाएवढ्या वस्तूसाठी एक केंद्रीय मंत्री आणि एक मुख्यमंत्री!

तर निस्गांना मिळालं काय? सुमारे २,००० चौरस किलोमीटर जमीन. ही त्यांनी सांगितलेल्या मूळ प्रदेशाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. सुमारे १९ कोटी डॉलर, हप्त्याहप्त्यानं. त्यातून वाटाघाटींसाठी काढलेलं सुमारे ५ कोटींचं कर्ज फेडायचं होतं. म्हणजे तुमची जमीन कोणाची यावर तुमच्याशी चर्चा करण्याचा खर्चही तुमच्याच खात्यावर. (ही लाज केंद्र सरकारला २०१९ च्या अर्थसंकल्पात वाटली, त्या वर्षी अशी सगळी कर्जं माफ झाली.) स्वतःचं विधिमंडळ मिळालं, वडीलधाऱ्यांचं मंडळ मिळालं, जमीन, भाषा, संस्कृती आणि नागरिकत्व यांवर स्वतःचे कायदे करण्याचा अधिकार मिळाला. बदल्यात काय सोडलं? जुन्या कायद्यानं दिलेली करमाफी. आठ वर्षांनी विक्रीकर लागू झाला आणि २०१३ पासून प्राप्तिकर.

करमाफी सोडण्यावरून खुद्द निस्गांत कडाक्याची भांडणं झाली. नऊ दशांशाहून जास्त जमीन सोडली यावरून तर त्याहून जास्त. १९९८ च्या सार्वमतात विरोधी मतं शेकड्यांनी पडली. काही निस्गा प्रमुख आपल्याच सरकारविरुद्ध कोर्टात गेले; ते प्रकरण २०१३ पर्यंत चाललं आणि ते हरले. बाहेरून उजव्यांनी 'वंशावर आधारलेलं सरकार' म्हणून ओरड केली. डिसेंबर १९९९ मध्ये कॅनडाच्या लोकसभेत रिफॉर्म पार्टीनं ४७१ दुरुस्त्या मांडून खासदारांना सुमारे ४२ तास सलग मतदान करायला लावलं. डावीकडून टीका झाली की तुम्ही कमी किमतीला विकले गेलात. मला यातली दुसरी टीका पहिलीपेक्षा जास्त त्रास देते, कारण तिच्यात सहानुभूती आहे. ११३ वर्षं ताटकळलेल्या माणसाला आणखी थांब म्हणून कुणी सांगायचं? आणखी थांबण्याची किंमत त्यानंच मोजायची असते. सल्ला देणारा घरी जेवायला जातो.

मग आलं २००९ साल. निस्गा विधिमंडळानं कायदा केला की गावातल्या घराच्या छोट्या प्लॉटवर माणसाला पूर्ण खाजगी मालकी घेता येईल. ती गहाण ठेवता येईल, विकता येईल, आणि बिगर-निस्गालाही विकता येईल. २०१३ मध्ये पहिली मालकीपत्रं दिली गेली. ज्यांनी वाडग्याची कल्पना जगाला सांगितली त्यांनीच वाडग्यातून घास बाहेर काढला! कॅनडातल्या बाजारवादी मंडळींनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांमुळेच मी सावध झालो. गंमत म्हणजे त्याच २०१३ मध्ये मेंढ्यानं नेमकं उलट केलं. विनोबांच्या चळवळीतून आलेला, १९६४ चा महाराष्ट्र ग्रामदान कायदा सगळे विसरून गेले होते. तो उकरून काढून गावानं आपली सगळी खाजगी शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. एकीकडे सामूहिक ते खाजगी, दुसरीकडे खाजगी ते सामूहिक. मी मेंढ्याच्या बाजूचा आहे. नासच्या खोऱ्यात मतदार असतो तर त्या कायद्याविरुद्ध हात वर केला असता.

तरीही मला ही दोन गावं परस्परविरोधी वाटत नाहीत, आणि हे नुसतं समजुतीचं बोलणं नाही. निस्गांच्या कायद्यात मालकी घराच्या प्लॉटपुरती आहे. जंगल, नदीकाठ, मोकळी जमीन वाडग्यातच आहे. प्लॉट टोरंटोच्या माणसानं घेतला तरी तो निस्गा कायद्याखालीच राहतो, आणि घेणाऱ्याला निस्गा निवडणुकीत मत मिळत नाही. म्हणजे कुलूप आहेच, फक्त ते कुठे लावायचं हे त्यांनी ठरवलं. आता आपल्याकडे बघा. महाराष्ट्रात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जाऊ नये म्हणून महसूल संहितेत कलम ३६-अ आहे. ते हवंच; नसतं तर ठाणे-पालघरमध्ये एव्हाना एक वावर उरलं नसतं. पण त्या कुलपाची किल्ली जिल्हाधिकाऱ्याकडे आणि मंत्रालयात आहे. ज्याच्यासाठी कुलूप लावलं त्याच्या हातात ती कधीच दिली नाही, आणि किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांनी कुलूप कितीदा उघडलं याच्या कहाण्या तलाठ्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांना माहीत आहेत. मेंढ्याचा ग्रामदान आणि निस्गांचा मालकी कायदा, दोन्हीकडे किल्ली गावाच्या कमरेला आहे. एकानं दार लावलं, दुसऱ्यानं खिडकी उघडली.

पुन्हा गॅसकडे येतो, कारण तिथं माझं हे सगळं पांडित्य मलाच अडचणीत आणतं.

निस्गांची बाजू समजून घेणं अवघड नाही. नोंदलेल्या निस्गांपैकी बहुसंख्य आज खोऱ्याबाहेर राहतात: व्हँकुव्हर, टेरेस, प्रिन्स रूपर्ट. चार गावांत हाताला काम नाही. केंद्राच्या अनुदानावर चालणारं स्वराज्य हे कितपत स्वराज्य, हा त्यांच्या नेत्यांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून त्यांनी रॉयल्टीवर भागवलं नाही, भागीदारी घेतली. प्रकल्पाला गॅस पुरवणारी पाइपलाइनही २०२४ मध्ये एका अमेरिकी कंपनीच्या जोडीनं विकत घेतली. २०१६ मध्ये निवडून आलेल्या ईवा क्लेटन या त्यांच्या पहिल्या महिला अध्यक्ष. त्यांच्या काळात हे घडलं. आणि एक आकड्यांत न सांगता येणारी गोष्ट: शतकभर गोऱ्या कंपन्यांनी त्याच खोऱ्यातलं लाकूड आणि मासे नेले, तेव्हा पर्यावरणाचा गहिवर कुणाला आला होता?

हे सगळं मान्य करूनही मला हा निर्णय चुकीचा वाटतो. तापत्या पृथ्वीचा मुद्दा आहेच, तो सगळ्यांना पाठ आहे. मला टोचतो तो दुसरा. नासच्या वरच्या अंगाला गितान्यो नावाचे शेजारी राहतात. आमच्या प्रदेशाचा काही भाग निस्गांच्या करारात गेला, ही त्यांची तक्रार १९९८ पासूनची. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांच्या वंशपरंपरागत प्रमुखांनी पाइपलाइनचा जुना करार जाहीरपणे जाळला आणि पाइपलाइनच्या गाड्यांना रस्ता बंद केला. किनाऱ्यावरच्या लाक्स क्वालाम्सनीही प्रकल्पाला हरकत घेतली आहे. त्यांचं म्हणणं ऐकताना १८८७ आठवल्याशिवाय राहत नाही: ही जमीन, हे पाणी आमचंही आहे, आमच्याशी बोला. हे वाक्य कसं लागतं, हे निस्गांपेक्षा चांगलं कुणाला माहीत असणार?

निस्गांचा सगळ्यात जुना धडा तर माशाबद्दलच आहे. सुमारे अडीचशे ते तीनशे वर्षांपूर्वी खोऱ्यात ज्वालामुखी फुटला. लाव्ह्याखाली गावं गाडली गेली, त्यांच्या परंपरेनुसार दोन हजार माणसं मेली. का फुटला? मुलांनी गंमत म्हणून सॅमनच्या पाठीत चिरा पाडून त्यात जळत्या काड्या खोचल्या आणि मोठ्यांनी वेळीच दटावलं नाही. तो काळा लाव्हा आजही ११३ नंबरच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेला आहे, आणि ती जमीन आता स्मारक उद्यान आहे. गॅसच्या बैठकांना जाणारे सगळे त्यातूनच जातात.

पण बघा, मी हा आक्षेप घेऊ शकलो कारण आक्षेप घ्यायला समोर कुणीतरी आहे. निर्णय कुणी घेतला ते माहीत आहे, त्यांना निवडणुकीत पाडता येतं, विरोधकांना कोर्टात जाता येतं, शेजाऱ्यांना त्यांच्या तोंडावर सुनावता येतं. उद्या निस्गांच्या नातवंडांना हा निर्णय मूर्खपणाचा वाटला तर तो फिरवायचं विधिमंडळ त्यांच्याच गावात आहे. चुकलेल्या निर्णयाचा जाब विचारायला जागा असणं, ही गोष्ट बरोबर आलेल्या निर्णयापेक्षा मला मोलाची वाटते. पर्यावरणवादी मित्रांशी माझं भांडण होतं ते इथंच. त्यांना निकाल हवा असतो. मला आधी सभा हवी असते, मग तिच्यात मी हरलो तरी चालेल.

आता एटापल्ली तालुक्यातलं सुरजागड घ्या. तिथल्या लोहखनिजाचा प्रश्न काढला की लगेच दोन तट पडतात, विकास हवा आणि विकास नको. गडचिरोलीच्या ग्रामसभांमध्ये दोन्ही मतांची माणसं असतील, निस्गांमध्येही आहेत. पण राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला आदिवासी तालुका, अशा भागांत ग्रामसभेला अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा, त्याचे राज्यातले नियम यायला उजाडलेलं २०१४, वनहक्काचे सामूहिक दावे, एवढं सगळं कागदावर असूनही 'खाण हवी का' हा साधा प्रश्न त्या पारंपरिक इलाख्यातल्या ग्रामसभांना, उत्तर 'नको' आलं तर काम थांबेल या तयारीनं, कुणी विचारला नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात माणसं एटापल्लीत ठिय्या देऊन बसली, तेव्हा त्यांना उचललं गेलं. पुढच्या वर्षी खाण वाढवण्यासाठी जनसुनावणी ठेवली. ती डोंगराच्या पायथ्याशी झाली नाही, एटापल्लीतही झाली नाही. ती झाली शंभरावर किलोमीटर दूर, जिल्ह्याच्या ठिकाणी. ज्यांचा डोंगर, त्यांनी तिथवर जाऊन आपलं म्हणणं मांडायचं होतं, १८८७ साली नासच्या लोकांनी व्हिक्टोरियाला जाऊन मांडलं होतं तसं.